आणि आपल्याकडं

जीप अचलेरच्या अलीकडं आली आणि झरीनला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ती तर तोंड मिटून बसली होती. मधल्या सीटवर चौघांत पाचवी, मांडीवर जळकोटहून आईनं दिलेली तुरीच्या डाळीची पिशवी, खिडकी भलत्याच्याच वाट्याला. आणि मागून, अगदी मानेपाशी, तिचाच आवाज म्हणत होता, 'आणि आपल्याकडं?' त्यानंतर तो छोटासा थांबा. तो थांबा ती मुद्दाम घेते, ऐकणाऱ्यानं जरा सावरून बसावं म्हणून. मग पुढं, 'आपल्याच तालुक्यातल्या एका काकूंचं सांगते. नाव सांगत नाही. काकू एकट्या राहतात...' आपला आवाज असा बाहेरून ऐकला की तो आपल्यापेक्षा शहाणा वाटतो, आणि आज तर तो नको तितका शहाणा वाटत होता. जीपमधे एरवी काय कमी कालवा असतो? पण आज नेमकी सगळी गप्प झाली. समोरच्या बाईनं तर 'अगं बया' म्हणून पदर तोंडाला लावला. काकू न्हाणीत घसरून पडल्या तिथवर गोष्ट आली होती. झरीनला वाटलं, मागं हात घालावा, तो फोन हिसकावून घ्यावा आणि खिडकीतून भिरकावून द्यावा. पण खिडकीही आपली नव्हती.

"दादा, हे कुठून आलं तुमच्याकडं?" तिनं मान वळवून विचारलं. फोनवाला टोपी घातलेला, पन्नाशीचा, चांगल्या स्वभावाचा दिसत होता. "मेव्हण्यानं धाडलंय पुण्यावरनं," तो म्हणाला. "लई भारी सांगतीया बाई. काळजाला हात घालती. ऐका की तुमीबी. धाडू का? नंबर सांगा." आत्ता कानात गेलेला आवाज आणि हा समोरचा आवाज एकच आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "नको," झरीन म्हणाली, "माझ्याकडं आहे ते." तो अचलेरला उतरून गेला आणि त्याच्यामागून तिचा आवाजही उतरून गेला, पण 'पुण्यावरनं' हा शब्द तेवढा जीपमधे राहिला. उमरग्याहून आलं असतं, सोलापूरहून आलं असतं, तर चाललं असतं. पुण्याहून का यावं? कालच शनिवारी दुपारी तिनं आपल्या ग्रुपवर टाकलेलं ते. एका रात्रीत पुण्याला जाऊन माघारी अचलेरच्या जीपमधे! तालुक्याची निम्मी पोरं पुण्यात, त्यांचे पुन्हा तिकडं ग्रुप, गाववाल्यांचे, भाऊबंदांचे, कंपनीतल्यांचे. त्यांतल्या एका तरी ग्रुपात शेजारच्या मावशींचा कुलदीप असणारच. आणि कुलदीपनं ते ऐकलं की द्वारकामावशींचं लोहाऱ्यातलं बिऱ्हाड उठलंच म्हणायचं.

ही शनिवारची खोड तिला कुणी लावली नव्हती, तिनंच लावून घेतली होती. कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं म्हणजे पुस्तकातल्या व्याख्या फळ्यावर उतरवायच्या, पोरांनी त्या वहीत उतरवायच्या, संपलं. एकदा तिनं वर्गात एक माहितीपट लावला, परमुलखातल्या कापडाच्या कारखान्यात शिलाईला बसणाऱ्या पोरींचा, आणि मागच्या बाकावरची नेहमी पेंगणारी पोरंही जागी झाली. मग ग्रुप निघाला. दर शनिवारी एक शिफारस. कधी डॉक्युमेंटरी, कधी कुणाचं भाषण, कुठल्या देशात पाणी कसं विकलं जातं, जुने मोबाइल कुठल्या गावात नेऊन जाळतात, घर सोडून पळालेली माणसं तंबूत शाळा कशी भरवतात. इंग्रजी सगळ्यांना कुठं पेलतंय, म्हणून ती सोबत आपल्या आवाजात चार शब्द सांगायची. हळूहळू लोक ते चार शब्दच ऐकायला लागले, फिल्म कोण बघतंय! फारुख, तिचा नवरा, दुकानाचं शटर ओढता ओढता चिडवायचा, "झालं का? जगाचं दुःख वाटून झालं असेल तर जरा चहा वाट." तीही हसायची. पण आपल्याला ऐकणारी माणसं आहेत ही गोष्ट तिला आतून फार गोड लागत होती, आणि ती गोडी ती कुणाला सांगत नव्हती. 'आणि आपल्याकडं?' हे मात्र महालिंगप्पांचं. महालिंगप्पा म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर, ग्रुपातले सगळ्यांत जुने सभासद. एकदा त्यांनी लिहिलं, 'मॅडम, ते तिकडचं झालं. आपल्याकडं काय? लोक म्हणतात, तिकडं हाय, आपल्याला काय त्याचं.' तिला ते पटलं. तेव्हापासून प्रत्येक शिफारशीच्या शेवटी ती इथलं एक खरं उदाहरण द्यायची. नाव कधी घेत नव्हती. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं तिला वाटायचं. किती भाबडेपणा, ज्या गावात चपलेवरून माणूस ओळखतात तिथं!

या शनिवारची फिल्म एकट्या म्हाताऱ्यांची होती. थंडीचा देश, उंच इमारती, आतमधे एकेकटी माणसं. कोण कधी गेलं ते शेजाऱ्याला वासावरून कळतं. त्यात एक बाई होती, रोज दोन कप चहा करायची आणि एक बेसिनमधे ओतून द्यायची. कॅमेरा तिच्या तोंडासमोर, ती बिचारी हसत होती. झरीनला बघताना हुंदका आला होता आणि लगेच, खरंच लगेच, मनात आलं होतं, आपल्याकडं कोण? दुसरं कोण असणार? भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या द्वारकामावशी. नवरा एसटीत होता, तो गेला. एकुलता एक कुलदीप पुण्यात. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. कुलदीप वाईट मुलगा मुळीच नाही. सिलिंडर संपायच्या आत नवा येतो, औषधं येतात, दर रविवारी संध्याकाळी फोन येतो. मागं एकदा मावशी पडल्या तेव्हा गाडी घेऊन रातोरात आला, पुण्याला घेऊन गेला. तिथं त्या कशाबशा उन्हाळाभर राहिल्या आणि भांडून परत आल्या. "अगं, दार लावलं की माणूस मेलं का जितं, समोरच्याला पत्त्या न्हाय," त्या म्हणायच्या. "सून गुणाची हाय, पन बोलायचं कुनासंगं? लिफ्टीसंगं?" सोडताना कुलदीपनं सांगून ठेवलं होतं, आई, आता पुन्हा पडलीस तर मी विचारणार नाही, घर विकायला काढणार आणि तुला कायमची नेणार. तो तसं करणारा आहे. मावशींना ते ठाऊक आहे. आणि दिवाळीनंतर त्या पुन्हा पडल्या.

तो दिवस झरीनला आठवायला नको वाटतो आणि तरी आठवतो. कॉलेजातून ती दुपारी आली. पलीकडं कसला तरी ठोका पडत होता, धातूचा. सकाळी निघतानाही तो कानावर आला होता, पण तिला वाटलं, मावशी काहीतरी ठोकत असतील, ठोकू देत. गेली. वर्गात जाऊन कुटुंबसंस्थेवर बोलली. आणि मावशी न्हाणीत ओल्या फरशीवर आडव्या, हातात तांब्या, तो तांब्या जमिनीवर आपटत सकाळपासून पडलेल्या. तिला बघितल्यावर पहिलं काय म्हणाल्या? 'आधी अंगावर लुगडं टाक.' आणि दुसरं, 'कुलदीपला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.' हाड मोडलं नव्हतं, नशीब. कंबर महिनाभर धरलेली. त्या महिन्यात झरीन तिथं जात राहिली आणि तिला मावशींचं सगळं दिसलं. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून दिवसभर रेडिओ चालू ठेवतात ते दिसलं. आणि रविवारी संध्याकाळ झाली की मावशी पातेलंभर पाणी तापवतात आणि घोट घोट पितात, हेही दिसलं. का, तर आठवडाभर फारसं बोलणं झालेलं नसतं, घसा धरलेला असतो, आणि पोराला फोनवर आवाज खणखणीत वाटला पाहिजे. "बसलेला आवाज ऐकला की लगीच म्हनतो, आई तुला बरं न्हाय," मावशी म्हणाल्या होत्या, डोळा बारीक करून, आपल्या युक्तीवर खूश होऊन.

हे तिनं सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. तांब्या सांगितला, मेलेलं तोंड सांगितलं, गरम पाणी सांगितलं. जीप खड्ड्यातून उसळली, शेजारणीचं कोपर बरगडीत बसलं, पण झरीनला ते लागलंच नाही, कारण तिला स्वयंपाकघरातली कालची दुपार दिसत होती. दार लावून घेतलेलं, पलीकडच्या शेजाऱ्याच्या मिक्सरचा आवाज थांबायची वाट बघत ती उभी. गरम पाण्याच्या वाक्याला पहिल्यांदा आवाज नीट लागला नाही म्हणून तिनं ते पुसून पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं! दुसऱ्या वेळी आवाज जिथं थरथरायला हवा तिथं बरोबर थरथरला आणि तिला बरं वाटलं. लाज वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. त्या थंड देशातल्या बाईला तरी कुणी विचारलं असेल का, बाई, तुझा दुसरा कप आम्ही लोहाऱ्यापर्यंत नेऊ का म्हणून? तिला वाटलं असेल, आला कुणीतरी, बसला, चहा प्याला. आपणही तशाच गेलो मावशींकडं, त्यांना वाटलं, शेजारीण आली. आणि एवढं करून आपण कुलदीपला फोन केला नाही तो नाहीच, ज्याला खरं सांगायला हवं होतं त्याला सोडून उरलेल्या सगळ्या जगाला सांगितलं. पण का सांगावं त्याला? मावशींनी शपथ घातली होती. मग जगाला सांगायची मुभा दिली होती का? डोक्यात हे असं गरगरत होतं आणि रेंज आली तसं तिनं पहिलं काम केलं, ग्रुपातनं ते काढून टाकलं. लगेच महालिंगप्पांचं आलं, 'मॅडम, का हो काढलं? लई सुंदर होतं. मी जपून ठेवलंय, पुन्हा टाकू का?' तिनं कपाळाला हात लावला. आणि त्याखाली दिसला कुलदीपचा न घेतला गेलेला फोन. एक नाही, दोन. आज रविवार, त्याचा फोन मावशींना यायचा दिवस, आणि तो मावशींना सोडून हिला लावतोय. संपलंच मग.

लोहाऱ्यात उतरून तहसीलच्या बाजूनं घराकडं येताना तिला प्रत्येक माणूस फोनला कान लावून दिसत होता. ओळखीची नर्स हात करून म्हणाली, "मॅडम, कालचं ऐकलं हं!" आणि झरीन हसली, म्हणजे दात दाखवले. कुलदीपला उलट फोन लावायचं धाडस काही होईना. काय म्हणेल तो? निघालोय म्हणेल. टेंपो ठरवलाय म्हणेल. माझ्या आईचा तमाशा केलात ताई, असं म्हणेल, आणि त्यात खोटं काय? दुकानावरून जाताना फारुखनं तिच्याकडं बघितलं आणि त्याची थट्टा तोंडातच राहिली. "काय झालं गं? अम्मी बरी आहे ना?" "अम्मी बरी आहे," ती म्हणाली, "माझंच तोंड बरं नाही." पिशवी त्याच्या काउंटरवर ठेवली आणि घरात न शिरता सरळ मावशींच्या पडवीत गेली. आधी मावशींना सांगायचं, त्याच्या आधी. पाया पडायचं, शिव्या खायच्या, मग पुढचं पुढं.

मावशी चुलीपाशी नव्हत्या, गॅसपाशीही नव्हत्या, पडवीत पाय पसरून शेंगा फोडत बसल्या होत्या. "ये, आलीस का माह्यारावनं? आईचं गुडघं कसं हाईत?" त्यांनी मूठभर दाणे पुढं केले. झरीन खाली बसली. दाणे हातात घेतले. "मावशी, मला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि तेवढ्यात हातातला फोन वाजला. नाव मावशींना वाचता येत नव्हतं, पण पडद्यावरचा फोटो ओळखता येत होता. "कुलदीप न्हवं का? तुला कसा काय? उचल की, उचल!"

तिनं उचलला आणि कानाला घट्ट दाबून धरला. "ताई! कुठं होता?" कुलदीपचा आवाज चढलेला होता, पण रागानं नव्हे. "तुमचाच ना तो आवाज? मी पहिल्या वाक्यात ओळखला. बायकोला म्हणालो, ह्या आमच्या आईच्या शेजारच्या. काय सांगितलंय हो! गाडी बाजूला घेऊन ऐकलं मी. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, कंपनीत टाकलं, खाली लिहिलं, सगळ्यांनी ऐका, विचार करा. लोक रडायला लागलेत इकडं."

"कुलदीप, ते..." ती म्हणाली.

"एक विचारू का? त्या काकू कोण ते सांगू नका, पण त्यांचा मुलगा काय करतो? असली कशी माणसं असतात हो ताई? सकाळपासून आई फरशीवर तांब्या आपटत पडलीय, आणि हा रविवारी एक फोन करून मोकळा! मी तर रागानं लाल झालो." तो थांबला, गाडीचा हॉर्न ऐकू आला. "आणि माझं एक काम करा ना. आईकडं साधा फोन, तिला पाठवता येत नाही. तिला ऐकवा एकदा. म्हणावं, कुलदीपनं खास सांगितलंय. म्हणावं, बघ, लोकांचे काय हाल असतात, तुझं किती बरं आहे. ऐकवाल ना?"

"ऐकवते," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? तिनं फोन ठेवला. सुटले. ओळखलंच नाही त्यानं. घर जात नाही, टेंपो येत नाही, शपथ मोडली पण कुणाला दिसली नाही. दिवसभर छातीवर बसलेला धोंडा उठला, आणि उठताना काय झालं कुणास ठाऊक, तिला मावशींच्या तोंडाकडं बघवेना.

"काय म्हनत हुता?" मावशींनी विचारलं. फोलपटं एका बाजूला सारली होती, हात पदराला पुसले होते. शंभर थापा मारता आल्या असत्या. लाइटबिलाचं विचारत होता म्हणता आलं असतं. पण पोराचं नाव ऐकून ते तोंड असं उजळलं होतं की झरीनच्या तोंडून खरंच निघून गेलं, "तुम्हाला काहीतरी ऐकवायला सांगितलंय."

"मला? कुलदीपनं धाडलंय, मला?" मावशी भिंतीला टेकून नीट बसल्या. "मग लाव की. वाट कशाची बघतीस?"

"मावशी, आधी माझं ऐका. माझं चुकलंय, फार चुकलंय."

"तुझं चुकलेलं मागनं ऐकते. त्यानं धाडलेलं आधी लाव."

तिनं लावलं. आपला आवाज या पडवीत, या भिंतीसमोर, इतका निर्लज्ज वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. थंड देश झाला, दोन कप झाले, मावशी 'अरारा' म्हणाल्या. मग 'आणि आपल्याकडं?' आलं. मावशींची मान हळूच वर आली. न्हाणी आली. तांब्या आला. झरीन नखानं शेंगेचं टरफल कुरतडत राहिली. गरम पाणी आलं तेव्हा मावशींनी एकदाच तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागल्या. संपलं तेव्हा बाहेर कुणाची तरी मोटरसायकल गेली, तिचा आवाज लांबवर ऐकू येत राहिला.

"पान्याचं कशाला सांगितलंस गं," मावशी म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ती आपल्या दोघीतली गोष्ट हुती."

"माफ करा मावशी." झरीनचे डोळे भरून आले, आणि या वेळी ते कुणाला दाखवायला नव्हते. "तोंड नाही मला."

पण मावशींचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. त्या कसला तरी हिशेब लावत होत्या, ओठ हलत होते. "त्यानं ऐकलंय हे?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"समदं? पान्याचं बी?"

"समदं."

"मग काय म्हनला?"

"चांगलं आहे म्हणाला. सगळ्यांना पाठवलं म्हणाला." पुढचं सांगायचं नव्हतं, पण मावशी वाट बघत राहिल्या. "त्या बाईचा मुलगा काय करतो, असं विचारत होता."

मावशींनी सुपातली एक शेंग उचलली, न फोडताच परत टाकली. मग म्हणाल्या, "म्हंजी सुटले की गं म्या." आणि हसल्याही, त्यांचं ते बारीक, युक्ती साधल्यासारखं हसू. "वळखलं न्हाय म्हंजी येत न्हाय न्यायला. ऱ्हाते मग हितंच."

"व्हय मावशी. राहा इथंच," झरीन घाईनं म्हणाली. "काही होणार नाही आता."

"ऱ्हाते हितंच," मावशी पुन्हा म्हणाल्या, पण हसू तोवर निम्मं झालं होतं, आणि मग ते मुळीच राहिलं नाही. शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सरकवलं. भिंतीला हात धरून उठायला गेल्या, कंबरेनं साथ दिली नाही, परत बसल्या. तशाच बसून म्हणाल्या, "त्याला फोन लाव."

"मावशी, कशाला? तो येईल. घर विकायला काढेल. तुम्हाला तिथं, त्या लिफ्टीत..."

"ठाऊक हाय मला. म्या का येडी हाय?" आता मात्र आवाज चढला. "ल्योक हाय माझा. जगाला सांगत सुटलाय, ऐका म्हनून. त्याला कुनी सांगायचं? तू सांगितलं न्हाईस, म्या सांगितलं न्हाय. लाव."

झरीननं लावला, आवाज मोठा केला, आणि फोन मावशींच्या पुढं धरला. मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाच्या अगदी जवळ. पलीकडून कुलदीप हसत म्हणाला, "हां ताई, ऐकवलं का आईला? काय म्हणाली?"

"ऐकलं रं," मावशी म्हणाल्या. "कुलदीप, ती म्याच हाय रं."